एसएटीचा स्कोअर पाठवायचा की झाकून ठेवायचा?

अमेरिकेतल्या बऱ्याच नावाजलेल्या कॉलेजांच्या अर्जात एक हो-नाहीचा प्रश्न असतो: तुमचा एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर आम्ही विचारात घ्यावा का? निबंध घासूनपुसून लख्ख करण्यात महिने घालवणारी घरं या एका चौकटीपाशी येऊन अडतात. मुलगा म्हणतो, १४४० पडलेत, पाठवून टाकतो. तिकडे शिकणारी मावसबहीण फोनवरून ओरडते, "वेडा आहेस का, इथे सगळे १५३० वाले आहेत." बाबांचं म्हणणं वेगळंच: एवढे डॉलर भरून परीक्षा दिली ती काय लपवायला? आणि आजी एका वाक्यात निकाल लावते, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आजीचाच सल्ला हल्ली इंटरनेटवर सुटसुटीत रूपात फिरतो: कॉलेजात दाखल झालेल्यांच्या स्कोअरच्या मधल्या आकड्याच्या खाली असाल तर पाठवू नका. माझा कल उलट बाजूला आहे आणि तो आधीच सांगून टाकते. भारतातून, त्यातही महाराष्ट्र बोर्डातून अर्ज करणाऱ्या मुलाने शंका असेल तेव्हा स्कोअर पाठवावा. न पाठवण्यासाठी कारण शोधावं, पाठवण्यासाठी नाही. असं का, ते समजायला आधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

एसएटी ही परीक्षा कॉलेज बोर्ड नावाची संस्था घेते. वाचन-लेखन आणि गणित असे दोन विभाग, प्रत्येकाला २०० ते ८००, एकूण १६०० पैकी. भारतासह अमेरिकेबाहेर ती मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून संगणकावर होते, वेळ २ तास १४ मिनिटं. प्रत्येक विभागाचा पहिला टप्पा चांगला गेला की दुसऱ्या टप्प्यात अवघड प्रश्न येतात. एसीटी ही दुसऱ्या संस्थेची परीक्षा, तिचा स्कोअर १ ते ३६ असा असतो. कॉलेजांना दोन्हींपैकी कुठलीही चालते, म्हणून पुढे मी एसएटीचंच नाव घेते. अंदाज यावा म्हणून सांगते, परीक्षा देणाऱ्यांची सरासरी हजाराच्या थोडी वर असते आणि १५०० ओलांडणारे शंभरात दोन-तीनच. मावसबहिणीच्या "सगळे १५३० वाले" या वाक्यात सगळे म्हणजे नेमके कोण, हे पुढे बघूच.

आता कॉलेजं. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो अशा सगळ्या कॅम्पससह कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही. १६०० पैकी १६०० मिळाले तरी प्रवेश देताना किंवा शिष्यवृत्ती ठरवताना त्यांना त्याचं काही नाही. याला टेस्ट-ब्लाइंड म्हणतात, आणि तिथे हा सगळा खल करायचं कारणच नाही. दुसऱ्या टोकाला स्कोअर लागतोच अशी कॉलेजं आहेत: एमआयटी, जॉर्जटाउन, जॉर्जिया टेक, पर्ड्यू, यूटी ऑस्टिन, हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ, कॉर्नेल, पेन, स्टॅनफर्ड, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स. तिथेही निवड नाही. येलचा मामला मधला. एसएटी, एसीटी, एपी (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेजच्या तोडीच्या विषयवार परीक्षा) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शाळांतला अभ्यासक्रम) यांपैकी कशाचे तरी निकाल द्यावेच लागतात, कशाचे ते तुम्ही ठरवायचं. उरलेल्यांतली बहुतेक टेस्ट-ऑप्शनल, म्हणजे स्कोअर द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं: शिकागो विद्यापीठ, मिशिगन, बोडन आणि अशी शेकडो. आयव्ही लीग या आठ जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटात कोलंबियाने २०२३ मध्ये कायमचं ऑप्शनल राहायचं ठरवलं. प्रिन्स्टननेही २०२७-२८ च्या प्रवेशफेरीपासून स्कोअर पुन्हा बंधनकारक केल्याचं जाहीर केल्यावर कोलंबिया त्या आठांत एकटी पडली.

ही नावं पाठ करण्यात अर्थ नाही. गेल्या पाच वर्षांत नियम इतके बदललेत की मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचा अनुभवही कधीकधी शिळा ठरतो. ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षाचं, त्या कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं पान उघडायचं आणि परदेशी अर्जदारांसाठी वेगळी ओळ आहे का ते बघायचं. ती बऱ्याचदा असते. उदाहरणार्थ, डार्टमथने स्कोअर बंधनकारक केला तेव्हा अमेरिकेबाहेरच्या शाळांतल्या मुलांना एसएटी-एसीटीऐवजी तीन एपी परीक्षा, आयबी, ए-लेव्हल (ब्रिटिश पद्धतीची बारावी) किंवा त्या तोडीची राष्ट्रीय परीक्षा यांचे प्रत्यक्ष किंवा अपेक्षित निकाल देण्याची मुभा ठेवली.

एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो या इंग्रजीच्या परीक्षांचा आणि या ऑप्शनल प्रकरणाचा संबंध नाही. एसएटी ऐच्छिक आहे म्हणून टोफेलही ऐच्छिक असेल असं धरून चालू नका.

ऑप्शनल आलं कुठून आणि परत का चाललंय

कल्पना जुनी आहे. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९ मध्येच स्कोअरची सक्ती काढली होती. त्यांच्यामागून छोटी कॉलेजं हळूहळू येत गेली, २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठासारखं मोठं नाव आलं. पण पूर आला तो २०२० मध्ये. कोविडमुळे परीक्षा केंद्रांना कुलपं लागली, मुलांना परीक्षाच देता येईना, तेव्हा जवळजवळ सगळ्या कॉलेजांनी सक्ती उठवली. एक-दोन वर्षांसाठी म्हणून केलेली ही सोय मग बऱ्याच ठिकाणी मुक्कामाला राहिली. ती राहण्यामागे कॉलेजांचा थोडा स्वार्थही होता असं मला वाटतं. स्कोअर नको म्हटलं की अर्ज वाढतात, जागा तेवढ्याच राहतात, आणि कॉलेज आणखी दुर्मिळ दिसायला लागतं.

मार्च २०२२ मध्ये एमआयटीने सक्ती परत आणली. त्यांचं कारण अगदी व्यावहारिक होतं. एमआयटीत इतिहास शिकायला जा की संगीत, कॅल्क्युलसचे दोन आणि भौतिकशास्त्राचे दोन कोर्स प्रत्येकाला करावेच लागतात. ते झेपेल का, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. जानेवारी २०२४ मध्ये अपॉर्च्युनिटी इनसाइट्स या संशोधन गटाने आयव्ही आणि त्यांच्या तोडीच्या कॉलेजांतली आकडेवारी मांडली: तिथल्या पहिल्या वर्षाच्या गुणांचा अंदाज शाळेतल्या गुणांपेक्षा एसएटीवरून चांगला बांधता येतो. पुढच्याच महिन्यात डार्टमथने निर्णय फिरवला, आणि त्यांच्या चार प्राध्यापकांच्या अहवालातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट भिडते. कमी सुविधांच्या शाळांतल्या, १४०० च्या पुढे स्कोअर मिळवलेल्या कितीतरी मुलांनी डार्टमथची सरासरी बघून धसका घेतला होता आणि स्कोअर पाठवलाच नव्हता. पाठवला असता तर त्यांची प्रवेशाची शक्यता वाढली असती. कारण जिथे बहुतेकांना हजाराच्या आसपास मिळतात तिथल्या मुलाचे १४०० हे वाचणाऱ्याला फार काही सांगून जातात. मुलांनी तुलना केली ती डार्टमथमध्ये आधीच बसलेल्यांशी. वाचणारा मात्र त्यांची तुलना त्यांच्याच शाळेतल्या, गावातल्या मुलांशी करणार होता.

यूटी ऑस्टिनने त्याच वर्षी दिलेला आकडाही बघण्यासारखा आहे. त्यांच्याकडे स्कोअर विचारात घ्या म्हणणाऱ्या अर्जदारांचा मध्यक १४२० होता, आणि विचारात घेऊ नका म्हणणाऱ्यांचा ११६०. म्हणजे झाकलेल्या मुठीत साधारण काय असतं ते कॉलेजांना आता ठाऊक आहे.

"स्कोअर नाही म्हणून आम्ही कोणाला मागे टाकत नाही," असं ऑप्शनल कॉलेजं सांगतात. ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. वाचणारी व्यक्ती रिकाम्या रकान्याचे गुण वजा करत नसेल, पण त्या रकान्याचे गुण देऊही शकत नाही. मग फाइलमधल्या उरलेल्या गोष्टींवर जास्त भार येतो. तो भार पेलण्याइतकी उरलेली फाइल भक्कम आहे का, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर मुलागणिक, शाळेगणिक बदलतं.

मधला आकडा कसा फसवतो

अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा एक ठरावीक नमुन्याचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि त्यापुढे हे तीन शब्द टाकून शोधलं की बहुधा पीडीएफ सापडते. त्यातलं सी-७ हे कोष्टक बघा: शाळेचे गुण, निबंध, शिफारसपत्रं, प्रमाणित परीक्षा अशा प्रत्येक गोष्टीपुढे ती अतिमहत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो किंवा विचारात घेत नाही यांपैकी एका ठिकाणी खूण असते. मग सी-९ वर या. तिथे वर दोन टक्केवाऱ्या असतात, पहिल्या वर्षाच्या किती मुलांनी एसएटीचा स्कोअर पाठवला आणि किती जणांनी एसीटीचा. त्याखाली २५, ५० आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर. जेईई आणि सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचलाय, तेव्हा तो समजावत बसत नाही.

लोक खालचे तीन आकडे बघतात आणि वरची टक्केवारी सोडून देतात. सगळी गडबड तिथे होते.

समजा, एका कॉलेजात १०० मुलं दाखल झाली. सगळ्यांनी परीक्षा दिली होती, पण स्कोअर पाठवले फक्त वरच्या ५० जणांनी. आता कॉलेज जो २५ पर्सेंटाइलचा आकडा छापतं तो या पन्नासांतल्या खालून तेराव्या मुलाचा असतो. पण शंभरांच्या रांगेत तोच मुलगा खालून त्रेसष्टावा आहे. म्हणजे तुमचा स्कोअर नेमका त्या आकड्याइतका असेल, कागदावर तुम्ही तळाच्या चतुर्थांशाच्या काठावर दिसत असाल, तरी प्रत्यक्षात तिथल्या साठेक मुलांच्या पुढे आहात. प्रत्यक्षात विभागणी इतकी नीटस नसते. काही वरचे लोकही पाठवत नाहीत, काही खालचे पाठवतात. पण दिशा हीच. मावसबहिणीला दिसणारे "सगळे" हे पाठवणारे सगळे आहेत. आणि दरवर्षी त्या फुगलेल्या आकड्याला घाबरून आणखी काही मुलं मागे हटतात, की पुढच्या वर्षी आकडा आणखी फुगतो.

आता याच कोष्टकातली दुसरी चूक, जी उलट्या दिशेला ओढते. हे आकडे प्रवेश मिळालेल्यांचे नसतात, प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे असतात. आणि त्यांत खेळाडू म्हणून घेतलेली मुलं असतात, काही कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची मुलंही असतात. जिथे स्कोअर सगळ्यांनाच द्यावा लागतो तिथे तळाच्या चतुर्थांशातल्या बऱ्याच जागा अशा मुलांच्या असू शकतात. तेव्हा स्कोअर बंधनकारक असलेल्या कॉलेजचा २५ पर्सेंटाइल गाठला म्हणून ठाण्याच्या मुलीने निर्धास्त होऊ नये. ऑप्शनल कॉलेजात मात्र पहिली चूक मोठी असते, विशेषतः जेव्हा निम्म्याहून कमी मुलांनी स्कोअर दिलेले असतात.

मी स्वतः वापरते ती पद्धत अशी. आधी दोन्ही टक्केवाऱ्या मिळवून किती जणांनी स्कोअर दिला याचा अंदाज घेते. काही मुलं दोन्ही परीक्षांचे स्कोअर पाठवतात, त्यामुळे बेरीज थोडी जास्त येते हे लक्षात ठेवून. ५० पर्सेंटाइलच्या वर असाल तर डोळे मिटून पाठवा. २५ ते ५० च्या मधे असाल आणि पाठवणारे निम्मे किंवा कमी असतील तरीही पाठवा. २५ च्या खाली चाळीस-पन्नास गुणांपर्यंत असाल तर विचार करायचा, आणि तो विचार उरलेल्या फाइलचा करायचा. त्याहून बरंच खाली असाल तर राहू द्या.

महाराष्ट्रातली फाइल तिकडून कशी दिसते

अमेरिकन कॉलेजला नववी ते बारावी या चार वर्षांचे गुण हवे असतात. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. म्हणजे गुणपत्रकं दोन संस्थांकडून, दोन वेगळ्या पद्धतींची. त्यांतली दहावी बोर्डाची. पण दहावीत अलीकडे राज्यात शंभराहून जास्त मुलांना चक्क १०० टक्के मिळतात, कला-क्रीडेचे वाढीव गुण धरून. ९४ टक्के म्हणजे नक्की किती चांगलं, हे तिकडच्या वाचकाने कशावरून ठरवायचं?

मग अकरावी. तिचं आपण काय करतो हे आपल्याला माहीत आहे. परीक्षा कॉलेजची अंतर्गत, क्लास इंटिग्रेटेड असेल तर कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलपुरतं दिसतं, आणि गुणपत्रकावरच्या ७८ चा अर्थ देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. उरली बारावी. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात. पण अर्ज जातो नोव्हेंबर ते जानेवारीत आणि कॉलेजचं उत्तर मार्चअखेर येतं. म्हणजे बारावीचा खरा निकाल निर्णयाच्या वेळी अस्तित्वातच नसतो. ज्युनिअर कॉलेज सहामाहीचे गुण किंवा अपेक्षित गुण लिहून देतं, तेही कोणी लिहून देणारं असेल तर. आंतरराष्ट्रीय शाळांत या कामाला पूर्णवेळ समुपदेशक असतात. आपल्या साध्या ज्युनिअर कॉलेजात उपप्राचार्यांच्या केबिनबाहेर पालकच फॉर्म घेऊन उभे असतात.

ही फाइल एकदा तिकडच्या खुर्चीत बसून बघा. सगळ्या जगाला एकाच मापाने मोजणारी अशी तिच्यात एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे एसएटी. ती काढून घेतली तर वाचणाऱ्याच्या हातात दहावीचे टक्के, अकरावीचा एक गूढ आकडा, निबंध आणि शिफारसपत्रं उरतात. म्हणून महाराष्ट्र बोर्डाच्या मुलासाठी माझं पारडं पाठवण्याकडे झुकतं. आयबी किंवा ए-लेव्हलच्या मुलाकडे अपेक्षित निकाल असतात, ज्यांची भाषा तिकडे कळते. त्याला स्कोअर झाकणं परवडू शकतं. आपल्याला ते तितकं परवडत नाही.

डोंबिवलीतली एक मुलगी कल्पून बघू. एचएससी विज्ञान, गणितात ७७०, वाचन-लेखनात ६७०, एकूण १४४०. मनात अर्थशास्त्र. कॉलेज ऑप्शनल, सी-९ मध्ये २५ पर्सेंटाइल १४७०, मध्यक १५१०, स्कोअर देणारे ४५ टक्के. इंटरनेटवरच्या नियमाने ती मध्यकाच्या सत्तर गुण खाली, विषय संपला. मी तिला पाठव म्हणेन. ती खालच्या आकड्यापासून ३० गुण दूर आहे, तो आकडा निम्म्याहून कमी मुलांचा आहे, गणित अर्थशास्त्राला हवं तसं आहे, आणि तिच्या फाइलमध्ये गणित येतं याचा दुसरा बाहेरचा पुरावा नाही. ६७० थोडे कमी आहेत हे खरं, पण निबंध आणि इंग्रजीच्या शिक्षकांचं पत्र ती बाजू सांभाळू शकतं.

आता तेच १४४० उलटे करू. वाचन-लेखन ७७०, गणित ६७०, आणि अर्ज कॉम्प्युटर सायन्सला. इथे मी थांबवेन. एकूण बेरीज तीच असली तरी इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटरच्या अर्जात नजर आधी गणितावर जाते, आणि भारतातून येणाऱ्या गठ्ठ्यात गणिताचे ७८०-८०० पैशाला पासरी असतात. ६७० तिथे उठून दिसतील, वाईट अर्थाने. हीच मुलगी इतिहासाला किंवा साहित्याला अर्ज करत असेल तर पुन्हा पाठवावे. एका विभागाचे गुण दाखवून दुसऱ्याचे लपवायची सोय साधारणपणे नसते, म्हणून बेरजेपेक्षा फोड बघायची.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये वाढलेल्या मराठी मुलांचं गणित आणखी वेगळं. तिथल्या शाळा अर्जासोबत स्कूल प्रोफाइल पाठवतात: शाळेत कोणते कोर्स आहेत, मुलांची सरासरी किती, किती जण पुढे शिकतात. त्या शाळेची सरासरीच दणदणीत असेल आणि शेजारच्या बाकावरचे सगळे १५०० च्या पुढचे स्कोअर पाठवत असतील, तर १४४० तिथे तितके झळकत नाहीत. पण तिथे शाळेचे गुण, एपीचे निकाल, शिक्षकांची पत्रं हे सगळं कॉलेजला परिचयाचं असतं, त्यामुळे स्कोअर न दिल्याने पडणारं भगदाडही लहान असतं. म्हणून तिकडच्या भावाने दिलेला सल्ला इकडच्या बहिणीला जसाच्या तसा लागू पडत नाही. उलटही तेच. आपल्या ज्युनिअर कॉलेजकडे असं प्रोफाइल नसेल तर प्राचार्यांच्या सहीचं एक पान करून घ्यावं: वर्गात किती मुलं, बोर्डात किती जणांना ९० च्या वर, किती जण परदेशी अर्ज करतात. त्या पानामुळे १४४० ला संदर्भ मिळतो.

काही ठिकाणी प्रश्न प्रवेशाचा नसून पैशांचा असतो. प्रवेशाला स्कोअर नको म्हणणारं कॉलेज गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी किंवा ऑनर्स कार्यक्रमासाठी मागू शकतं. ही अट शिष्यवृत्तीच्या पानावर असते, प्रवेशाच्या पानावर नाही. ज्यांच्या घरात कर्ज काढायचं की नाही यावर खल चाललाय त्यांनी ते पान आधी वाचावं.

पुन्हा परीक्षा द्यायची का, हा पुढचा प्रश्न. बहुतेक कॉलेजं सुपरस्कोअर करतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळी दिलेल्या परीक्षांतले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण उचलून बेरीज करतात. दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये नावडता विषय गळतो, तसा इथे वाईट गेलेला दिवस गळतो. त्यामुळे पहिल्यांदा गणित ७७० आणि दुसऱ्यांदा वाचन-लेखन ७१० मिळाले तर १४८० धरले जातात, दुसऱ्या खेपेला गणित घसरलं असलं तरी. जॉर्जटाउनसारखी काही मोजकी कॉलेजं मात्र सगळ्या खेपांचे निकाल मागतात. अकरावीची परीक्षा उरकल्यावर मे-जून आणि मग ऑगस्ट या खेपा आपल्या मुलांना सोयीच्या पडतात. लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीच्या, १ नोव्हेंबरच्या आसपासच्या अर्ली मुदतींसाठी ऑक्टोबर साधारण शेवटची धरा. तीनपेक्षा जास्त वेळा बसण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बोर्ड, कदाचित जेईई, निबंध आणि त्यात चौथी एसएटी, हे मुलाला पिळून काढणं झालं.

ठरलं की नाही पाठवायचा, तर तो खरोखर जाणार नाही याची काळजी घ्या. कॉलेज बोर्ड परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना निकाल फुकट पाठवू देतं. फुकट म्हणून लोक ती चार नावं भरून टाकतात, पण तेव्हा स्कोअर आलेलाच नसतो. ऑप्शनल कॉलेजाचं नाव त्यात घालू नका. बहुतेक कॉलेजं अर्जाच्या वेळी तुम्ही स्वतः भरलेला आकडा मान्य करतात आणि अधिकृत निकाल दाखल होताना मागतात, त्यामुळे घाई कुठेच नसते. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या संकेतस्थळावर, परीक्षांचा विभाग सगळ्या कॉलेजांसाठी सामाईक असतो. एका कॉलेजला दाखवायचा आणि दुसऱ्याला नाही असं असेल, तर पहिला अर्ज सादर झाल्यावर तो विभाग बदलून मग दुसरा सादर करता येतो, आणि कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांत स्कोअर विचारात घेऊ नका हेही निवडावं लागतं. शाळेच्या गुणपत्रकावर एसएटी छापली जाते का, हे तिकडच्या मुलांनी विचारून घ्यावं. तिथे काही शाळा ती छापतात. आणि निबंधात किंवा कामगिरीच्या यादीत "एसएटीची तयारी करताना १४०० वरून" वगैरे वाक्य राहून गेलं नाही ना ते बघा. सादर करण्याआधी कॉमन अ‍ॅप अख्ख्या अर्जाची पीडीएफ दाखवतं. ती प्रत्येक कॉलेजसाठी वेगळी उघडून परीक्षांची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी तपासा, आणि मगच सही करा.